झोपलेल्या माणसाला उठवू नये

नवीन माणूस वर्गात आला की विजयश्री त्याला पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगायची. एक, रिकाम्या पोटी या. चहा चालेल, वडापाव चालणार नाही. दोन, शेजारच्याचा पाय कुठवर गेला ते बघू नका. त्याचे गुडघे त्याचे, तुमचे तुमचे. आणि तीन, शेवटी शवासनात झोप लागली तर लागू द्या, इथं तुम्हाला कुणी उठवणार नाही. पहिल्या दोन गोष्टी लोक घरी पोचेपर्यंत विसरायचे. वडापाव खाऊन येणारे खाऊनच येत राहिले. तिसरी मात्र कुणाला दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

चिखलीतल्या समाजमंदिराच्या वरच्या हॉलमध्ये तिचा हा वर्ग सकाळी आठला भरायचा. योग म्हणजे पहाटे पाचलाच, असं मानणारी मंडळी यावर नाक मुरडायची. मुरडोत बापडी. हा वर्ग थर्ड शिफ्टवाल्यांचा होता. भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांतून सातला सुटलेली माणसं बसमधून उतरून सरळ जिना चढायची. अंगाला ऑइलचा वास, डोळे तांबडे, बोलायचं त्राण नाही. घरी जाऊन तरी काय, एक खोली, त्यात पोरांची शाळेची घाई, आणि खाली कुणाचं तरी वेल्डिंगचं दुकान. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, पण धोंड्याशेजारी दिवसभर ग्राइंडर चालत असेल तर त्या धोंड्याचाही उपयोग नाही.

म्हणून वर्ग संपला तरी चार-पाच जण चटईवर तसेच पडून असायचे. विजयश्री खिडक्यांचे पडदे ओढायची, घरून आणलेल्या जुन्या चादरी एकेकाच्या अंगावर टाकायची आणि चपला हातात घेऊन जिना उतरायची. साडेनऊला तिला मोशीच्या एका सोसायटीत बायकांचा वर्ग असायचा. हॉलची किल्ली जमिलाकडे असे. जमिला खाली गॅरेज चालवणाऱ्या युसुफची बायको. हॉल झाडायचं काम तिचं. झोपलेले आपापले उठून गेले की साडेअकराला ती झाडू घेऊन वर यायची.

ही उठवायचं नाही अशी रीत विजयश्रीनं कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. तिच्यावरच ती एकदा घडली होती. परांड्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती चाकणला आली, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत लाइनवर उभी राहिली. पहिला मुलगा झाला तो दुबळा. पंधरा महिने तिनं त्याला रात्र रात्र मांडीवर घेऊन काढले आणि सोळाव्या महिन्यात तो गेला. त्यानंतर तिची झोपच गेली. वर्षभर ती छताकडे बघत पडून असायची. शेजारणीनं तिला ओढून भोसरीला अर्जुनरावांच्या वर्गाला नेलं. अर्जुनराव निवृत्त फिटर, एका शाळेच्या हॉलमध्ये योग शिकवायचे. त्या पहिल्याच दिवशी शवासनात विजयश्रीचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन तास झाले होते, सगळे केव्हाच गेले होते आणि अर्जुनराव दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ती ओशाळली. ते म्हणाले, "झोप मागून मिळत नाही, पोरी. आली पाहुणी की तिला पाट द्यायचा, उठ म्हणायचं नाही."

त्या दोन तासांनी ती जगली. पुढं ती स्वतः शिकवायला लागली, त्याचं मूळ हेच. आजकाल योग शिकवणाऱ्यानं आपला प्रवास सांगायची पद्धत पडली आहे. कुणाची पाठदुखी गेली, कुणाची साखर उतरली. विजयश्रीला कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, मला एका माणसानं झोपू दिलं.

ज्योतीराम तिच्याकडे आठ महिने आला. बीडकडचा, वय एकेचाळीस, भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर. रक्तदाब वाढला म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी योग करा सांगितलं, आणि हा खरोखरच करायला आला. कमरेत वाकायचा नाही, पद्मासनाच्या नावानं शंख. पण आल्यावर सगळ्यांच्या चटया अंथरायचा. चष्मा आणि कंपनीचं ओळखपत्र बुटात ठेवायचा आणि खिडकीशेजारची जागा धरायचा. शवासन सुरू झालं की दुसऱ्या मिनिटाला गाढ. तोंड मिटलेलं, आवाज नाही, हालचाल नाही. विजयश्री नव्या लोकांना हळूच दाखवायची, "बघा, झोपावं तर ज्योतीरामभाऊंसारखं."

त्या दिवशी तो आला तोच कपाळ चोळत. डोकं जड झालंय, मॅडम, म्हणाला. ओव्हरटाइम होता का? होता. मग आज वाकायचं काही करू नका, पडून राहा, तिनं सांगितलं. तो पडून राहिला. नऊला दहा मिनिटं असताना सगळेच शवासनात होते आणि खिडकीशेजारून घोरण्याचा आवाज आला. साधा नव्हे, मोठा, ओढून ओढून येणारा. दोघं-तिघं फिसकन हसले. एकजण म्हणाला, "आज भाऊंनी प्रेस इथंच सुरू केली राव." विजयश्रीनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. तिलाही हसू आलं होतं. आठ महिन्यांत हा माणूस कधी घोरला नव्हता, हे तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. दमलाय बिचारा, असं म्हणून तिनं त्याच्या अंगावर चादर टाकली, पायापर्यंत नीट ओढली आणि चपला हातात घेऊन जिना उतरली.

साडेअकराला जमिला झाडायला वर गेली. बाकीचे उठून गेले होते. हा एकटाच घोरत होता. तिनं जवळ जाऊन पाहिलं तर तोंड एका बाजूला वाकडं झालेलं आणि चादर ओली. तिनं खिडकीतूनच युसुफला हाक मारली. त्यानं गॅरेजसमोर उभा असलेला टेम्पो काढला. जमिलाचा फोन आला तशी विजयश्री मोशीहून थेट दवाखान्यात पोचली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, असे कधीपासून आहेत? ती म्हणाली, आत्ताच पाहिलं. हे खरं होतं. आणि किती खोटं होतं ते तिला एकटीला माहीत होतं. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी ज्योतीराम गेला. त्या पाच दिवसांत त्यानं डोळे उघडले नाहीत.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिला अर्जुनराव आठवले. दारात खुर्ची टाकून बसलेले. ते दोन तास तिथून हलले नव्हते. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं खरं, पण तिला जाग आली तेव्हा ते पहिल्याच पानावर होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ते वाचत होते. ते तिचा श्वास बघत होते. तिनं त्यांच्याकडून झोपू देणं उचललं आणि बसून राहणं तिथंच टाकून आली. मोशीला साडेनऊचा वर्ग होता ना. हे सांगायला आणि शिव्या खायला आता अर्जुनरावही उरले नव्हते. दोन वर्षांपूर्वीच ते गेले.

तेराव्याला ती ज्योतीरामच्या खोलीवर गेली तेव्हा सांगायचं ठरवूनच गेली होती. त्याची बायको प्रभावती भिंतीला टेकून बसली होती. तिनं विजयश्रीचा हात धरला. "ताई, तुमच्याकडं त्यांना झोप लागायची," ती म्हणाली. "घरी नुसते कूस बदलायचे. निदान सुखाच्या झोपेत गेले. काही कळलं न्हाई त्यांना. एवढं एक देवानं चांगलं केलं." आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. या बाईच्या पदरात एवढी एकच गोष्ट राहिली होती आणि ती काढून घ्यायला ती आली होती.

जमिलाला मात्र तिनं सगळं सांगितलं. जमिलानं झाडूच्या काड्या नीट केल्या. मग म्हणाली, "दीदी, आता सांगून काय व्हनार? तिला रातीला तेवढं म्हनायला हाय, की झोपेत गेला. ते बी घेतलं तर ती काय म्हनून रडंल?"

विजयश्रीला तेही पटलं. पण पटलं म्हणून जड वाटायचं थांबलं नाही. तिनं वर्गातलं शवासन बंद केलं. शेवटी पाच मिनिटं मांडी घालून बसायचं आणि घरी जायचं. कारण विचारलं तर हॉल लवकर सोडावा लागतो म्हणून सांगायची. नव्या माणसाला आता ती दोनच गोष्टी सांगायची. थर्ड शिफ्टवाले कुरकुरले, मग एकेक करून यायचे थांबले. त्यांना मांडी घालून बसायचं नव्हतंच. ते झोपायला येत होते.

तीन महिन्यांनी, एका सोमवारी प्रभावती जिना चढून आली. मुलांना शाळेत सोडून आली होती. वर्ग संपेपर्यंत दाराशी बसून राहिली आणि सगळे गेल्यावर म्हणाली, "ताई, मला बाकीचं काही नको. ते शेवटचं शिकवा. हे ज्यात झोपायचे ते."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तीन महिने झोप न्हाई, ती म्हणाली. दवाखान्यातून गोळ्या दिल्या, त्यानं नुसती गुंगी येते. मेसच्या पोळ्या लाटते तर लाटणं हातातून सुटतं. वर्षभर छताकडे बघत पडणं विजयश्रीला माहीत होतं. नाही कसं म्हणणार?

तिनं चटई अंथरली. पाय सैल सोडा, तळवे वर करा, जीभ टाळूला लावू नका. नवशिक्याला सांगायचं ते सगळं तिनं सांगितलं, फक्त तिसरी गोष्ट सोडून. मग दाराशी खुर्ची ओढून बसली. मोशीच्या बायकांना तिनं फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. नंतर तो वर्ग तिनं संध्याकाळी नेला.

असे आठ दिवस गेले. प्रभावतीला झोप येत नव्हती. पडल्या पडल्या ती बोलायची. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात घरी कुकर लावायची नाही, शिट्टीनं त्यांची झोप मोडेल म्हणून. डाळ पातेल्यात शिजवायची, दोन-दोन तास. थोरल्या नेहाला आणि धाकट्याला कुजबुजत बोलायची इतकी सवय झाली होती की शाळेत बाई म्हणायच्या, ही मुलं मोठ्यानं वाचत का नाहीत? "आता घरात कुनी झोपलेलं नसतं दिवसा," ती म्हणाली, "तरीबी पोरं हळूच बोलतात." विजयश्री ऐकायची आणि रोज ठरवायची, आज सांगू. ही उठून बसली की सांगू. ती उठून बसायची, पदर सारखा करायची, "उद्या येते, ताई" म्हणायची, आणि विजयश्री "या" म्हणायची. स्वतःचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

नवव्या दिवशी प्रभावती बोलता बोलता थांबली. विजयश्रीनं मान वर करून पाहिलं. हात सैल पडला होता, ओठ थोडेसे उघडे होते. तीन महिन्यांनी बाईला झोप लागली होती. विजयश्रीचे डोळे भरून आले. तिनं पडदा ओढला, कोपऱ्यातल्या चादरींतली एक घेतली, आणि पुन्हा जागेवर ठेवली. खुर्ची उचलून ती अगदी चटईजवळ घेऊन बसली आणि श्वास बघू लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. खाली युसुफ कुणाच्या तरी गाडीचा पाना फिरवत होता.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मग प्रभावती घोरायला लागली.

साधंच घोरणं होतं ते, दमलेली बाई घोरते तसं. पण विजयश्री खुर्चीवरून अर्धी उठली. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे म्हणायला सोपं आहे. तिनं स्वतःला समजावलं, थांब, झोपू दे, तीन महिन्यांनी झोपली आहे. दुसरा श्वास आला, तिसरा आला, आणि चौथ्याला ती गुडघ्यावर बसून प्रभावतीचे खांदे गदागदा हलवत होती. "प्रभावतीताई. उठा. उठा आधी. बोला माझ्याशी."

प्रभावती दचकून उठली. "काय झालं? नेहा कुठंय?"

"काही नाही. काही नाही झालं." विजयश्रीला धाप लागली होती. "तुम्ही घोरत होता."

झोप मोडलेल्या माणसाच्या तोंडावर येतो तसा त्रासिकपणा प्रभावतीच्या तोंडावर आला. "मग? मी घोरतेच की. आत्ता कुठं डोळा लागला होता, ताई. नेहाचे पप्पा हसायचे मला, म्हणायचे घरात तुझाच आवाज. ते सोता न्हाई घोरायचे. बारा वर्षांत एकदाबी..."

ती थांबली. विजयश्रीनं अजून दोन्ही हातांनी तिचे खांदे घट्ट धरून ठेवले होते. प्रभावतीनं त्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. खिडकीशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"त्या दिशी घोरत व्हते का ते?"

"हो."

"तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं. नऊला दहा मिनिटं होती. लोक हसले तर मी त्यांना गप्प बसवलं. वाटलं दमलेत. चादर घातली आणि गेले." तीन महिने दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं आणि तिला थांबवता येईना. "साडेअकरापर्यंत ते तसेच होते. मी हाक मारायला हवी होती. एक हाक मारली असती तर कळलं असतं. डॉक्टरांनाही मी सांगितलं नाही. तेराव्याला सांगायला आले होते, तुम्ही हात धरलात."

प्रभावती रडली नाही. पदराचं टोक हातात धरून ती बसून राहिली. खालचा पाना थांबला, पुन्हा सुरू झाला. विजयश्री वाट बघत होती. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं, आणि ते बरं वाटणंही आपल्याला मिळू नये असं तिला वाटत होतं.

मग प्रभावती म्हणाली, "थर्ड शिफ्टच्या माणसाला कोन उठवतंय? मीबी उठवलं नसतं." ती उठली. चटईची गुंडाळी केली, भिंतीशी उभी करून ठेवली, चपला घातल्या. दारात पाठमोरीच थांबून म्हणाली, "पण मला कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. विजयश्री तिच्या खोलीवर गेली नाही. जायला तोंड नव्हतं. पण तिनं वर्गात शवासन पुन्हा सुरू केलं. नव्या माणसाला आता ती पुन्हा तीन गोष्टी सांगू लागली. तिसरी बदलली होती: शवासनात मी तुमचं नाव घेईन, तेव्हा ओ द्यायची. गाढ झोपला असाल तरी द्यायची. नाही दिलीत तर मी उठवणार. वरातीमागून घोडं हे, तिलाही कळत होतं. थर्ड शिफ्टवाले हळूहळू परत आले आणि हसले. "मॅडम, कंपनीत पंच करतोच की, इथंबी हजेरी?" पण ओ देऊ लागले. एकजण झोपेतच "प्रेझेंट सर" म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला. त्यावर ती हसली, आणि हसल्याबद्दल दिवसभर खंतावत राहिली. वर्ग संपला की ती दारात खुर्ची टाकून बसायची, शेवटचा माणूस उठेपर्यंत. हातात वर्तमानपत्रही नसायचं.

अठराव्या दिवशी वर्ग सुरू झाल्यावर प्रभावती आली. भिंतीशी ठेवलेली चटई तिनं घेतली, खिडकीशेजारी अंथरली, आणि बाकीचे हातपाय ताणत असताना ती नुसती पडून राहिली. शवासन आलं. पडदे ओढले गेले, खाली युसुफनं गाडी सुरू करून बंद केली. विजयश्री दाराकडून एकेकाचं नाव घेत आली. ओ. ओ. हाय, मॅडम. ओ. खिडकीपाशी येऊन ती थांबली. प्रभावतीचे डोळे मिटलेले होते, तळवे वर होते, श्वास संथ चालला होता. आज तरी लागली असेल, विजयश्रीच्या मनात आलं. आज तरी लागलेली असू दे.

"प्रभावतीताई," तिनं हळूच हाक मारली.

"जागीच हाय, ताई," प्रभावती डोळे न उघडता म्हणाली.